उन्हातलं चिलखत

मी आमच्या गावच्या नाटकात दरवर्षी मरत असे. कधी फितूर किल्लेदार होऊन, कधी लुटारूंचा नाईक होऊन, एकदा तर नायकाचा दुष्ट काका होऊन. नाटकाचं वेड असलेली माणसं गावात कमी नव्हती, पण प्रत्येकाला जिंकायचं होतं. मरायला कोणी मिळेना, म्हणून रंगनाथ मास्तर एक दिवस बौद्धवाड्यात आले आणि आमच्या दारात उभे राहिले. मास्तर शाळेत शिकवायचे, नाटक स्वतःच लिहायचे आणि स्वतःच बसवायचे. "आश्रुबा, तुझा आवाज दांडगा आहे," ते म्हणाले. आवाज दांडगा होताच. तो राजाच्या कामाला कसा चालत नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. राजाचं काम पाटलाच्या घरात होतं आणि ते तिथंच राहायचं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

असो. मरण्यात मी नाव काढलं. माझ्या मरणाला शिट्ट्या पडत. पण मला सांगायचं आहे ते माझ्याबद्दल नाही, चन्नबसम्माबद्दल.

ताडकळसच्या बाजारात, अडत दुकानांच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. दारावर पाटी 'रामलिंगअप्पा नाट्य भांडार'. नाटकाला लागणारे अंगरखे, पगड्या, दाढ्या, तलवारी, ढाली, या सगळ्याला मिळून आमच्याकडे ड्रेपरी म्हणतात. जत्रांच्या दिवसांत झरीपासून राणीसावरगावपर्यंतची नाटक मंडळं ती इथून भाड्यानं न्यायची. रामलिंगअप्पांनी बंद पडलेल्या एका नाटक कंपनीच्या पेट्या विकत उचलल्या होत्या. माणूस देखणा, बोलणं गोड. पांढरी टोपी घालून गादीवर बसायचे आणि कुठल्या नटानं कुठल्या गावात कशी टाळी घेतली ते रंगवून सांगायचे. तेवढ्या वेळात मागच्या खोलीत त्यांची बायको चन्नबसम्मा पत्रा कापत असायची, म्यानं मढवत असायची, टोपांना अस्तर लावत असायची. अप्पांना एक खिळा धड ठोकता येत नव्हता, आणि तसं ते कबूलही करत.

आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. बुटकी, दणकट बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, कमरेला पक्कड खोचलेली. लाजणं-बुजणं तिला बिलकुल ठाऊक नव्हतं. आपल्या कामाची तारीफ ती स्वतःच सुरू करायची आणि समोरचा तीत भर घालेपर्यंत थांबून राहायची. "ही ढाल बगा. अशी ढाल नांदेडात मिळत न्हाई, परभणीत मिळत न्हाई. हात लावून बगा." मग हात लावावाच लागे. नाक मुरडणारे म्हणायचे, बाई फार चढेल आहे. मला ती त्याचसाठी आवडायची. आमच्या भागात हातात गुण असलेल्या माणसांना मान खाली घालून बसायची इतकी सवय झाली आहे की कोणी ताठ मानेनं बोललं की माझा दिवस चांगला जातो.

तिच्याआधी आम्ही ड्रेपरी दुसऱ्या एका गावातून आणायचो. तिथला माणूस माझा अंगरखा माझ्याकडे लांबून फेकायचा. मापाचा प्रश्नच नव्हता. आखूड होवो की ढगळ, फितुराला कोण बघतो! आक्काच्या दुकानात मंडळाबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मरनारा कोण हाय?"

"मी."

"ये हिकडं. हात वर कर."

तिनं सुतळी घेतली, दोन्ही हात माझ्या छातीभोवती घालून ती गुंडाळली आणि गाठ मारून माप धरलं. मंडळातली माणसं इकडंतिकडं बघायला लागली. मी श्वास रोखून उभा.

"श्वास सोड," ती म्हणाली. "असा कोंडून उभा राहिलास तर चिलखत तंग होईल. मग पडशील कसा?"

मी श्वास सोडला. त्या दिवसापासून मी तिचा माणूस झालो.

आक्काचा एक हट्ट होता. नाटक तीनशे वर्षांपूर्वीचं असेल तर अंगावरही तीनशे वर्षांपूर्वीचंच पाहिजे. मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं की ती काढून घेई आणि नाटक संपल्यावरच परत देई. कॅनव्हासचे बूट चालायचे नाहीत. म्यानावर टिकल्या लावलेल्या चालायच्या नाहीत. "म्यान हाय का नवरीचा चुडा?" असं म्हणून ती टिकल्या नखानं उपटायची. हे सगळं ती नुसतं बघून शिकली होती. खंडोबाच्या देवळातल्या जुन्या तलवारीच्या मुठीचं माप तिनं पुजाऱ्याला पटवून आपल्या मुठीवर घेतलं होतं. परभणीत एका जुन्या जमादार घराण्याच्या भिंतीवर कातडी ढाल टांगलेली होती. ती बघायला तिनं कितीतरी चकरा मारल्या. ढालीवर पितळेची चार फुलं असतात ती नुसत्या शोभेची नसतात, हात अडकवायचे मागचे पट्टे त्या फुलांनीच घट्ट बसलेले असतात, हे तिला तिथं कळलं आणि पुढं महिनाभर ती भेटेल त्याला ते सांगत होती. स्वतःच्या ढाली तिनं मोटेच्या कातड्याच्या केल्या. विहिरींवर विजेचे पंप आले आणि मोटा गोठ्यात पडून वाळून कडक झाल्या. आक्का गावोगाव फिरून त्या मागायची. शेतकरी हसायचे आणि द्यायचे.

आता आमच्या नाटकांची एक रीत सांगायला हवी. पडदा उघडायच्या आधी माईकवरून नावं घेतली जातात. लेखक, दिग्दर्शक, लाइट, पेटी, तबला, आणि शेवटी ड्रेपरी. ड्रेपरी म्हटलं की 'रामलिंगअप्पा, ताडकळस' हे ठरलेलं. पहिल्या रांगेत अप्पा उठून हात जोडायचे आणि टाळ्या पडायच्या. पडद्यामागं आक्का कोणाच्या तरी कमरेचा पट्टा आवळत त्या टाळ्या ऐकायची. एका वर्षी माझा पट्टा आवळताना ती म्हणाली, "आश्रुबा, मला दुसरं काई नको. एकदा माईकवर माझं नाव यायला पाहिजे. चन्नबसम्मा. पूरं."

हे तिनं कुजबुजत सांगितलं नव्हतं, त्यामुळं ते दिनकरराव पाटलांनीही ऐकलं. दिनकरराव मंडळाचे अध्यक्ष. ते हसून म्हणाले, "बाईचं नाव तमाशाच्या बोर्डावर येतंय आक्का, नाटकात न्हाई." आक्कानं पट्टा असा आवळला की मी त्या दिवशी वेळेच्या आधीच मरतो की काय असं मला वाटलं.

पुढची गोष्ट नामविस्तार झाला त्याच हिवाळ्यातली, त्याच्या थोडी आधीची. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पंधरा-सोळा वर्षं धुमसत होता. अठ्ठ्याहत्तर साली त्यावरून वाडे पेटले तेव्हा आमच्या गावात काही जळालं नाही, पण शेजारच्या गावाचा धूर आम्ही आमच्या अंगणातून बघितला होता. त्यानंतर कितीतरी दिवस गावात कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. आता निर्णय होणार अशी हवा होती. नाक्यानाक्यावर पोलीस होते, माणसं चहा पितानाही तोंड सांभाळून बोलत होती. अशा दिवसांत चंपाषष्ठीची जत्रा आली.

आक्का तालमीसाठी तलवारींची पेटी घेऊन एसटीनं आमच्या गावाला निघाली. मी तिच्यासोबत होतो. नाक्यावर गाडी थांबवली. हवालदारानं पेटी उतरवून झाकण उघडलं, तर आत तलवारींचा भारा. त्याचा चेहरा पांढरा पडला. आक्का खाली उतरली, एक तलवार उचलून गुडघ्यावर धरली आणि वाकवली. पत्राच तो, वाकला. हवालदाराच्या जिवात जीव आला.

"मावशी," तो हसत म्हणाला, "ह्यानं वांगं तरी कापंल का?"

गाडीतली सगळी माणसं हसली. मलाही हसू आलं. आक्का मात्र वाकलेल्या तलवारीकडं बघत उभी होती. भर दुपारचं ऊन होतं. त्या उन्हात चंदेरी रंगाचे ओघळ, दुमडलेल्या कडा, मुठीचे खिळे, सगळं उघडं पडलं होतं. रात्री दिव्याच्या झोतात जिला बघून लोकांच्या अंगावर काटा यायचा ती तलवार ही. उरलेला रस्ताभर आक्का ती तलवार गुडघ्यावर दाबून सरळ करत बसली.

गावात पोचलो तर पुढची बातमी तयार होती. यंदा रात्रीच्या कार्यक्रमाला परवानगी नव्हती. नाटक करायचं तर दिवसा, उजेडात, आणि मंचावर धारेचं काही आणायचं नाही. दिनकररावांनी पोलिसांना तसा शब्द दिला होता. देवळाच्या ओट्यावर मंडळ बसलं होतं. नायकाचं काम करणारा माणिकराव, म्हणजे दिनकररावांचा मुलगा, तोंड पाडून बसला होता.

"उन्हात ही पत्र्याची भांडी कोण बगंल?" दिनकरराव म्हणाले. "लोक हसतील. यंदा राहू द्या नाटक."

आक्का ओट्याच्या खाली उभी होती. "लोक न्हाई हसनार. उन्हात चालंल असं सामान मी करून देते. पर माईकवर माझं नाव घ्यायचं."

"आनि हसले तर?"

"हसले तर ह्या गावात पुना पाय ठेवनार न्हाई. आनि नावाचं बी पुना बोलनार न्हाई, मरेस्तोवर."

दिनकररावांनी मंडळाकडं बघितलं. नाटक व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. "मंजूर," ते म्हणाले. "नाटक संपल्यावर नाव घेऊ. पर एक जरी मानूस तुमच्या तलवारीला हसला तर न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून आक्काच्या दुकानात लोहाराच्या भात्याजवळ असावी तशी धांदल सुरू झाली. पहिल्यांदा तिनं सगळ्या तलवारींचा चंदेरी रंग खरवडून काढला. "लोखंड कवा चांदीसारखं दिसतंय का?" असं स्वतःलाच रागावून विचारत होती. पत्रा वाकू नये म्हणून आत लाकडाची चीप घातली, कडा गोल घासल्या, आणि चुलीची काजळी जवसाच्या तेलात कालवून ती पत्र्यावर चोळली. तलवार काळपट झाली, जड दिसायला लागली. म्यानांवरचा मखमली कपडा फाडून तिथं जुनं कातडं आलं.

खरा प्रश्न होता माझ्या चिलखताचा. रात्रीची चिलखतं सुतळीची असायची. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, त्याच विणीनं जाळी विणायची आणि वर रंग मारायचा. लांबून ती लोखंडी कड्यांची वाटे. उन्हात ती मुसक्यासारखीच दिसली असती. आक्कानं कुंपणाची तार आणली, लोखंडी गजावर गुंडाळली, छिन्नीनं तोडून कड्या पाडल्या आणि एका कडीत चार कड्या अशा गुंफायला बसली. माझी बायको कस्तुराबाई बाजाराला आली होती. नवऱ्याच्या अंगावर काय चढवायलेत ते बघायला म्हणून आत डोकावली आणि दुसरी पक्कड घेऊन तिथंच बसली. मग ती रोज जायला लागली. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा गादी सोडली आणि गज फिरवायला बसले. त्यांच्या हाताला फोड आले. ते फोड ते गिऱ्हाइकांना दाखवत.

"नुसत्या कड्या अंगात रुततेत," आक्का म्हणाली. "खाली जाड बंडी पाहिजे. तवाच्या लोकांनी काय उघड्या अंगावर लोखंड घातलं असंल का?" कस्तुरानं घरची जुनी गोधडी फाडली आणि तिचे पदर घालून बंडी शिवली.

तरी वेळ पुरला नाही. छाती झाली, पोट झालं, खांदे झाले. पाठ राहिली. पाठीला आक्कानं सुतळीच लावली आणि मला बजावलं, "लोक समोर बसतेत. तू पाठ फिरवायची न्हाई."

पण मास्तरांच्या नाटकात फितूर किल्लेदार पळत सुटतो आणि पाठीवर वार झेलून मरतो. आक्का मास्तरांकडं गेली. "ह्याला समोरून मारा."

"अहो, फितूर समोरून मरत नसतो," मास्तर म्हणाले. "तो पळणारच."

"मग चिलखत दुसऱ्याला घाला."

मास्तर दोन दिवस चिडचिड करत फिरले आणि शेवटी त्यांनी प्रवेश बदलला. किल्लेदार आता नायकासमोर ताठ उभा राहून मरणार होता. मी घरी येऊन कस्तुराला सांगितलं, "यंदा समोरून मरायचं हाय." ती भाकरी थापत होती. "बरं झालं," ती म्हणाली. मलाही बरं वाटलं होतं. इतकी वर्षं दरवेळी पळताना मरून मी कंटाळलो होतो.

जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या पटांगणात मंच उभा राहिला. ऊन तिरकं होऊन थेट मंचावर येत होतं. उजवीकडं गाव बसलं, डावीकडं आमचा वाडा, आणि मधून जायची-यायची वाट, नेहमीसारखीच. पुढं खुर्चीवर नाक्यावरचाच हवालदार होता. मास्तरांनी माईकवरून नावं घेतली. "ड्रेपरी, रामलिंगअप्पा, ताडकळस." अप्पा उठले, पण त्यांनी हात जोडले नाहीत. पडद्याकडं बघत क्षणभर उभे राहिले आणि खाली बसले.

पहिला प्रवेश मावळ्यांचा. मोटेच्या कातड्याच्या ढाली आणि काळपट तलवारी घेऊन ते उन्हात आले आणि पटांगण गप्प झालं. "खऱ्या हायेत का रं?" असं कोणीतरी कोणाला तरी विचारलं. हवालदार खुर्चीवरून उठला, मंचाच्या कडेला आला, एका तलवारीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवत जागेवर जाऊन बसला. कोणीही हसलं नाही. मग माझी पाळी आली. मी चाललो तशा कड्या वाजल्या, छातीवर ऊन पडलं, आणि डावीकडून पहिली शिट्टी आली. पडद्याच्या फटीतून आक्काचा एक डोळा दिसत होता. तो डोळा खूष होता.

माणिकराव वाईट माणूस नव्हता. नायकाच्या हातात भर उजेडात पत्रा शोभत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याच्या घरी बापजाद्यांची तलवार होती, खंडेनवमीला पूजेत मांडायचे ती. इतकी जुनी तलवार बोथटच असणार असं त्यानं गृहीत धरलं आणि कोणाला न सांगता ती मंचावरच्या आसनाखाली लपवून ठेवली. नवमीला त्याच तलवारीनं कोहळा कापायचा असतो, आणि यंदा कोहळा नीट कापला जावा म्हणून त्याच्या आईनं, पार्वतीबाईंनी, ती शिकलगाराकडून धार लावून आणली होती. हे त्याला माहीत नव्हतं. घरातली पूजेची तयारी कोण करतं आणि कशी करतं, हे आमच्याकडच्या किती पुरुषांना माहीत असतं!

शेवटच्या प्रवेशात त्यानं ती उपसली. आक्काच्या तलवारी उन्हात काळपट दिसत होत्या. हिच्या धारेवर मात्र एक पांढरी रेघ धावली. मला ती दिसली. माणिकराव मोठ्यानं संवाद म्हणत पुढं येत होता. माझे पाय मागं सरायला लागले. पळावं असं मला फार वाटलं. पण पाठीवर सुतळी होती. मी पाठ फिरवली नाही.

ठरल्याप्रमाणं वार डाव्या खांद्यावरून खाली आला. लोखंडावर लोखंड वाजलं. पत्र्याचा आवाज तसा नसतो, हे पटांगणातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असेल. मी आडवा झालो. छातीत कळ आली, श्वास येईना.

"खरी तलवार हाय," डावीकडून माझा भाऊ लिंबाजी म्हणाला. तो ओरडला नाही, साध्याच आवाजात म्हणाला, पण सगळ्यांनी ते ऐकलं.

मी डोळे मिटून पडलो होतो. मेलेल्या माणसानं हलायचं नसतं ही सवय माझ्या अंगात मुरली होती. मिटल्या डोळ्यांनी मला खूप माणसं एकदम उठल्याचा आवाज आला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. हवालदाराची खुर्ची मागं पडली. पाटलाच्या पोरानं आश्रुबाला भर जत्रेत तलवारीनं तोडलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत किती गावांत पोचली असती आणि काय काय घेऊन परतली असती, ते मला तसं पडल्या पडल्या स्वच्छ दिसलं. धूरही दिसला. आज मेलेलं चालणार नाही, असं मी ठरवलं.

मी उठून बसलो. मग उभा राहिलो. मंचाच्या कडेला आलो आणि दोन्ही हातांनी चिलखत आणि बंडी गळ्यापर्यंत उचलली. खाली माझी उघडी छाती, तीवर एक लाल वळ. रक्ताचा थेंब नव्हता. बंडी सोडून मी छातीवर थाप मारली, तशा कड्या वाजल्या.

"बसा खाली," मी म्हणालो. "मेलो न्हाई मी. आक्काचं चिलखत हाय हे."

कोणी हललं नाही. मग मी माझ्या दांडग्या आवाजात म्हणालो, "किल्ला अजून माझाच हाय. कोनाला पाहिजे असंल तर त्यानं पुना यावं."

पहिल्यांदा हवालदार हसला. मग लिंबाजी. मग उजवी बाजू हसली, डावी हसली, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, म्हातारी माणसं डोळे पुसत हसली. ती सगळी माणसं चिलखत बघायला मंचाशी गर्दी करून आली आणि मधली वाट त्या गर्दीत कुठं गेली ते कळलं नाही. माणिकराव तलवार टाकून खाली बसला होता. "आश्रुबा, आईची शप्पत, मला वाटलं बोथट हाय," एवढंच तो परत परत म्हणत होता. मी त्याला उठवलं. तलवार हवालदारानं उचलून ताब्यात घेतली. तिच्या धारेला खाचा पडल्या होत्या.

आक्का पडद्यामागून मंचावर आली. लोकांकडं तिनं बघितलंही नाही. माझ्या छातीवर तळवा दाबून विचारलं, "दुखायलंय का?"

"लय."

"दुखू दे. जित्ता हायेस म्हून दुखायलंय." तिचे डोळे भरून आले. ते तिनं मनगटानं पुसले, कमरेची पक्कड काढली आणि तिथंच माझ्या अंगावरच्या उघडलेल्या कड्या मिटवायला लागली.

दिनकरराव माईकपाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. गर्दीतून कोणीतरी मस्करीत म्हणालं, "पाटील, लोक तर हसले. अट मोडली." आक्काची पक्कड थांबली.

"तलवारीला न्हाई हसले," दिनकरराव म्हणाले. "जित्त्या मानसाला हसले." मग ते माईककडं वळले. "आज आश्रुबा वाचला. माझं पोरगं वाचलं. गावाची इज्जत वाचली. हे ज्यांनी केलं त्या..." आणि ते अडखळले. त्यांनी मान वळवून मास्तरांना हळूच विचारलं. माईक चालू होता, त्यामुळं त्यांचं विचारणं कर्ण्यातून सगळ्या जत्रेला ऐकू गेलं.

"बाईचं नाव काय हाय?"

पहिल्या रांगेत अप्पा उभे राहिले. फोड आलेले दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले, "चन्नबसम्मा." लगेच कस्तुरा म्हणाली, लिंबाजी म्हणाला, मग मंचावरचे मावळे, मग दोन्ही बाजूंची सगळी माणसं. देवळाच्या भिंतीवरून ते नाव परत आलं. माझ्या छातीत कळ होती तरी मीही ओरडलो.

आक्का कड्या सोडून सरळ उभी राहिली. गप्प होईपर्यंत तिनं लोकांना ओरडू दिलं. मग दिनकररावांकडं वळून म्हणाली, "लोकांनी घेतलं. आता तुमी घ्या. माईकवर ठरलं होतं."

दिनकररावांनी माईक जवळ ओढला. "ड्रेपरी, ढाल, तलवार, म्यान आनि चिलखत," ते सावकाश म्हणाले, "चन्नबसम्मा, ताडकळस." तिनं हात जोडले. अप्पा टाळ्या वाजवत उभेच होते.

किल्ला अजून पडलेला नाही, हे मग मास्तरांच्या लक्षात आलं. माणिकरावानं आक्काची काळपट तलवार घेतली, आणि मी उन्हाकडं तोंड करून पुन्हा एकदा मेलो. त्या मरणाला पडलेल्या शिट्ट्या मला अजून ऐकू येतात.

पाटलांना त्या तलवारीपायी ठाण्यात चकरा माराव्या लागल्या, आणि त्या त्यांनी मुकाट मारल्या. जानेवारीत नामविस्तार झाला. आमच्या वाड्यात पेढे वाटले आणि गावातून काहीजण ते खायला आले, काहीजण नाही आले. ताडकळसच्या दुकानावरची पाटी अप्पांनी स्वतः उतरवली. नव्या पाटीवर 'चन्नबसम्मा नाट्य भांडार' असं मोठ्या अक्षरांत आलं, आणि खाली बारीक अक्षरांत 'गादीवर रामलिंगअप्पा'. ही दुसरी ओळ अप्पांनीच सुचवली होती. त्या उन्हाळ्यात लांबलांबची मंडळं चिलखत बघायला दुकानात यायची आणि आक्का प्रत्येकाला हात लावून बघायला लावायची.

पुढच्या चंपाषष्ठीच्या आधी आम्ही सगळे ड्रेपरीसाठी तिच्याकडं गेलो. मास्तरांनी नवीन नाटक लिहिलं होतं. आक्का सुतळी घेऊन बाहेर आली आणि तिनं नेहमीसारखी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मरनारा कोण हाय?"

मी सवयीनं एक पाऊल पुढं टाकलं. पण माणिकराव माझ्या आधी पुढं झाला. ते काम त्यानं मास्तरांकडून मागून घेतलं होतं.

"मी," तो म्हणाला.

आक्कानं पाटलाच्या मुलाकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ये हिकडं. हात वर कर. आनि श्वास सोड."

त्यानं हात वर केले. मी बाजूला उभा राहून भिंतीवरच्या तलवारी बघायला लागलो, कारण त्या वर्षी मला जिंकायचं होतं आणि तलवार मलाच निवडायची होती.